संगणकाला वेळ कशी कळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंत्रज्ञानाची आवड असलेली चार माणसं जमली की प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एआय यांवर तासन्‌तास बोलणं होतं. पडद्याच्या कोपऱ्यातलं ते छोटं घड्याळ मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतं. माझं मन तिथंच अडकलं आहे. त्या चार आकड्यांमागे स्फटिक आहे, अणू आहे, आइनस्टाइन आहे आणि सरकारांचे ऐनवेळचे निर्णयही आहेत. लोक मला या विषयावर जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत.

पीसीची वायर काढून महिनाभर ठेवला, तरी चालू केल्यावर वेळ बरोबर कशी असते?

मदरबोर्डवर बटणासारखा एक चपटा सेल असतो, बहुतेक वेळा सीआर२०३२. नावातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. बाकी सगळी यंत्रणा झोपलेली असताना हा तीन व्होल्टचा सेल एका छोट्या घड्याळाला वर्षानुवर्षं जागं ठेवतो.

त्या घड्याळाचा जीव म्हणजे क्वार्ट्झचा स्फटिक. स्वरकाट्यासारखा दुभंगलेला आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हाच आकडा का, तर २ला स्वतःशीच गुणत पंधराव्या घाताला नेलं की ३२,७६८ येतात. म्हणजे ही थरथर सलग पंधरा वेळा निम्मी करत गेलं की शेवटी सेकंदाला बरोबर एक टिक उरते, आणि निम्मं करणं हे इलेक्ट्रॉनिक्समधलं सर्वांत सोपं काम आहे. याहून वेगवान स्फटिक जास्त वीज खातो आणि सेल लवकर संपवतो. हळू स्फटिक आकाराने मोठा होतो, शिवाय त्याची थरथर कानांना ऐकू येण्याच्या टप्प्यात येऊ शकते. मनगटावरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातही हाच आकडा असतो. एवढं नेटकं अभियांत्रिकी उत्तर मला क्वचितच कुठे दिसलं आहे.

सेल संपला की यंत्र दर वेळी जुन्या कुठल्यातरी तारखेला जागं होतं. मग वेबसाइटवर सुरक्षिततेचे इशारे येऊ लागतात, कारण प्रत्येक सुरक्षा प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते आणि तुमच्या यंत्राच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. एकाएकी सगळ्याच साइट असुरक्षित दिसायला लागल्या, तर आधी तारीख पाहा.

स्फटिक इतका नियमित आहे, तर घड्याळ पुढे-मागे का जातं?

कारण तो नियमित असला तरी नेमका नसतो. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस इतकी चूक सहज असते. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दिवसाला ती पावणेदोन सेकंद होते आणि महिन्याला जवळजवळ एक मिनिट. त्यात तापमानाची भर. हे स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत चांगले वागतात. त्याहून गरम झाले काय किंवा थंड झाले काय, दोन्हीकडे ते मंदावतात.

मग ‘खरी’ वेळ ठरवतं कोण?

अणू. सीझियम या धातूच्या अणूंवर चालणारं पहिलं भरवशाचं घड्याळ १९५५ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी बनवलं. १९६७ साली सेकंदाची व्याख्याच बदलली: सीझियम-१३३च्या अणूतल्या एका ठरावीक संक्रमणातून निघणाऱ्या लहरींची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद. तोवर सेकंद पृथ्वीच्या गतीवरून मोजला जात होता. त्या दिवसापासून पृथ्वी घड्याळ राहिली नाही.

जगभरच्या प्रयोगशाळांमधली शेकडो अणुघड्याळं आपापली वेळ पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयाला कळवतात. तिथे त्यांची भारित सरासरी काढली जाते आणि त्यातून यूटीसी ही जागतिक वेळ ठरते. यातली मला फार आवडणारी गोष्ट अशी की हा हिशेब मागाहून होतो. कुठल्या प्रयोगशाळेचं घड्याळ किती नॅनोसेकंद चुकलं होतं, हे सांगणारं पत्रक महिन्यातून एकदा निघतं. म्हणजे अगदी काटेकोर अर्थाने आत्ता किती वाजले आहेत, हे जगाला पुढच्या महिन्यात कळतं.

फोन इंटरनेटवरून वेळ घेतो म्हणे. पण उत्तर पोहोचेपर्यंत वेळ पुढे सरकलेली असते, त्याचं काय?

हा प्रश्न ज्याच्या मनात येतो, त्याने अर्धा विषय स्वतःच शोधलेला असतो. यावरचा तोडगा म्हणजे एनटीपी, डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड मिल्स यांनी घडवलेली पद्धत. तिचा पहिला मसुदा १९८५चा आहे आणि पुढे कित्येक दशकं ते तिच्यावर काम करत राहिले. २०२४च्या जानेवारीत ते गेले.

युक्ती चार नोंदींची आहे. समजा तुमच्या घड्याळात बरोबर दहा वाजता विचारणा निघाली. सर्व्हरच्या घड्याळात ती १० वाजून ५.०३० सेकंदांना पोहोचली. त्याने १० वाजून ५.०४० सेकंदांना उत्तर धाडलं. ते तुमच्या घड्याळात १० वाजून ०.०७० सेकंदांना आलं. तुमच्या बाजूने सगळा प्रकार ७० मिलिसेकंदांत आटोपला. त्यातले १० सर्व्हरने स्वतःकडे काढले, म्हणून प्रवासाचे उरले ६०. जाताना ३० आणि येताना ३० धरले, तर विचारणा पोहोचली तेव्हा तुमच्याकडे ०.०३० सेकंद झाले होते आणि सर्व्हरकडे ५.०३०. म्हणजे तुमचं घड्याळ बरोबर पाच सेकंद मागे आहे. दोन्ही घड्याळं जुळलेली नसतानाही फरक सापडला!

यात एक गृहीतक दडलेलं आहे: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. इंटरनेटवर हे नेहमी खरं नसतं. म्हणून एनटीपी एका सर्व्हरवर विसंबत नाही. ती अनेकांना विचारते आणि विसंगत उत्तर देणाऱ्याला बाजूला काढते.

फरक सापडल्यावर घड्याळ एकदम पुढे ढकलायचं की हळूहळू सरकवायचं, हाही विचार करावा लागतो. फरक छोटा असेल तर घड्याळाचा वेग किंचित वाढवला किंवा कमी केला जातो, सेकंदामागे जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद. या गतीने एका सेकंदाची चूक भरून काढायला तेहेतीस मिनिटं लागतात. एवढा संयम अशासाठी की वेळ कधी उलटी गेली तर प्रोग्रॅम गोंधळतात. आधी घडलेली गोष्ट नोंदींमध्ये नंतर दिसते आणि मग चूक शोधणाऱ्याचा दिवस वाया जातो.

फोटोवर किंवा फाइलवर अचानक १ जानेवारी १९७० ही तारीख कुठून येते?

युनिक्स ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्यापासून निघालेल्या प्रणाल्या वेळ म्हणजे एक आकडा मानतात: १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून, यूटीसीप्रमाणे, किती सेकंद झाले. तारीख हरवली की त्या जागी शून्य येतं आणि शून्य म्हणजेच १९७०ची पहिली पहाट. तुमचा टाइमझोन यूटीसीच्या मागे असेल, तर ३१ डिसेंबर १९६९ दिसते.

१९७०मध्ये खास काही नव्हतं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते तो हा काळ, आणि जवळची गोल तारीख घेतली गेली. १९७१च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत तर गणना १९७१पासून होती आणि तीही सेकंदाच्या साठाव्या भागांत. त्या हिशेबाने ३२ बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांत मावणारा, आकडा सव्वादोन वर्षांतच भरून जातो. ते लक्षात आल्यावर पूर्ण सेकंद मोजायचं ठरलं.

तुमच्या फाइलवर १ जानेवारी १९८० असेल तर दोषी वेगळा. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवरच्या फॅट या जुन्या फाइल प्रणालीचा शून्यबिंदू तो आहे.

२०३८ साली नेमकं काय होणार आहे?

वरचा सेकंदांचा आकडा अनेक वर्षं ३२ बिटांत, धन-ऋण चिन्हासह, ठेवला जात होता. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. तो १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसीप्रमाणे पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी येतो. पुढच्या सेकंदाला चिन्ह उलटतं आणि यंत्राला वाटतं की आज १३ डिसेंबर १९०१ आहे.

तुमच्या हातातल्या फोनची काळजी करू नका. आजचे फोन आणि लॅपटॉप हा आकडा ६४ बिटांत ठेवतात आणि त्याला भरायला सुमारे २९२ अब्ज वर्षं लागतील, विश्वाच्या आजच्या वयाच्या वीस पटींहून जास्त. लिनक्स या युनिक्सच्या धाटणीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने २०२०च्या ५.६ आवृत्तीत ३२ बिट यंत्रांसाठीही ६४ बिटांची वेळ सिद्ध केली. डेबियन या लिनक्सच्याच एका वाणाने १३व्या आवृत्तीसाठी हजारो पॅकेजेस त्यानुसार पुन्हा बांधली. हे काम करणाऱ्या माणसांची नावं कुठे झळकत नाहीत, म्हणून इथे त्यांचे आभार मानतो.

माझी काळजी भिंतींमध्ये, तळघरांत, खांबांवर बसवलेल्या यंत्रांची आहे. लिफ्टचे नियंत्रक, कारखान्यांतली यंत्रं, मीटर, जुने राउटर. एकदा बसवलं की ती वीस-तीस वर्षं चालतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर कुणी बदलत नाही. काहींचं मूळ सॉफ्टवेअर आता कुणाकडे सापडणारही नाही.

दुसरा धोका साठवलेल्या माहितीत आहे. प्रोसेसर ६४ बिटांचा असला, तरी फाइलच्या रचनेत किंवा डेटाबेसच्या रकान्यात वेळेसाठी चारच बाइट राखलेले असले, तर गाडं तिथंच अडतं. मायएसक्यूएलमधला ‘टाइमस्टॅम्प’ हा प्रकार १९ जानेवारी २०३८लाच संपतो. त्याच डेटाबेसमधला ‘डेटटाइम’ पुढे जातो. आज नवी रचना करत असाल तर हे लक्षात ठेवा.

आणि २०३८ची वाट पाहायचीही गरज नाही. तीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता काढणारा प्रोग्रॅम २००८मध्येच या भिंतीला धडकलेला असणार. भविष्याचा हिशेब करणाऱ्या सगळ्या प्रणालींना ही तारीख आधी गाठते.

वायटूकेसारखाच हाही बागुलबुवा ठरेल का?

वायटूके, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांपुढे आलेली अडचण, बागुलबुवा नव्हता. जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले जात होते, त्यामुळे २००० आणि १९०० यांत फरक उरत नव्हता. त्या रात्री फारसं काही कोसळलं नाही, कारण आधीची कित्येक वर्षं प्रोग्रॅमर कोबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ओळी न्‌ ओळी तपासत बसले होते. धरण फुटलं नाही म्हणून डागडुजी फुकट गेली, असं कुणी म्हणत नाही.

आकडा भरून वाहिल्याची आणखी उदाहरणं आहेत का?

पुष्कळ आहेत, आणि त्यांतलं एक फार गंभीर आहे.

विंडोज ९५ सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांत मोजायची. ते ४९.७ दिवसांत भरतात आणि यंत्र अडकतं. बोइंग ७८७च्या वीज-नियंत्रकांत सेकंदाचे शंभरावे भाग मोजले जात होते. २०१५मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने आदेश काढला, कारण सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर सगळे जनित्र-नियंत्रक एकाच वेळी बंद पडू शकत होते. २४८ दिवसांचे शंभरावे सेकंद मोजून पाहा, तुम्हाला २०३८चाच तो ओळखीचा आकडा भेटेल.

१ जानेवारी २०२२च्या मध्यरात्री मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या ईमेल-प्रणालीच्या अनेक सर्व्हरवर ईमेल रांगेत अडकून पडले. तिथे तारीख २२०१०१०००१ अशी एकाच आकड्यात लिहिली जात होती. वर्ष २१ संपेपर्यंत ती ३२ बिटांत मावत होती. २२ लागताच ती २,१४,७४,८३,६४७च्या पुढे गेली.

गंभीर म्हणालो ते उदाहरण २५ फेब्रुवारी १९९१चं. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्र-विरोधी यंत्रणेला येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होती. पण एकदशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही, जसा एकतृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत संपत नाही. २४ बिटांवर तो कापला गेला आणि प्रत्येक टिकेला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही थोडी कमी चूक साठत गेली. यंत्रणा १०० तास सलग चालू होती. साठलेली चूक ०.३४ सेकंद झाली होती. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं, म्हणून रडार चुकीच्या जागी पाहत राहिलं. वेळ दशांश अपूर्णांकात साठवू नका, पूर्ण आकड्यात ठेवा, असं मी नवख्या प्रोग्रॅमरना बजावतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे असतं.

लीप सेकंद काय भानगड आहे?

अणूचा सेकंद ठरवताना जी लांबी घेतली, ती मुळात एकोणिसाव्या शतकातल्या खगोलनिरीक्षणांवर बेतलेली होती. मधल्या काळात भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वी थोडी मंदावली, आणि खरा दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद लांब झाला. हे रोजचे मिलिसेकंद साठत जातात. अणुघड्याळ आणि सूर्य यांच्यात फार अंतर पडू नये म्हणून १९७२पासून मधूनमधून एक जादा सेकंद घालायची प्रथा सुरू झाली. आजवर असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ला. त्या रात्री घड्याळात ११:५९:६० अशी वेळ येते.

अडचण अशी की युनिक्सच्या हिशेबात दिवस नेहमी ८६,४०० सेकंदांचाच. ६०व्या सेकंदाला तिथे जागाच नाही, म्हणून एक सेकंद दोनदा मोजला जातो. ३० जून २०१२च्या लीप सेकंदाने लिनक्सच्या गाभ्यातली एक चूक उघडी पाडली आणि जगभरातले कितीतरी सर्व्हर नुसते गरगरत राहिले. गूगलने त्याआधीच वेगळी वाट शोधली होती: जादा सेकंद अनेक तासांवर पातळ करून पसरायचा, म्हणजे कुणाला धक्का बसत नाही.

लीप सेकंद केव्हा येणार, हे सूत्राने सांगता येत नाही. पृथ्वी मोजावी लागते आणि सहा महिने आधी जाहीर करावं लागतं. त्यात गेल्या काही वर्षांत पृथ्वीने थोडा वेग घेतला आहे, त्यामुळे एखादा सेकंद वगळावा लागेल की काय, अशी चर्चा सुरू झाली. ते आजवर कधीच झालेलं नाही आणि त्यासाठीचा कोड प्रत्यक्षात कधी चाललेला नाही. २०२४मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की ध्रुवांकडचा बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे सरकतं आणि पृथ्वीला किंचित मंद करतं, त्यामुळे ती वेळ लांबली आहे. हवामानबदलाचा ठसा सर्व्हरच्या घड्याळापर्यंत पोहोचतो, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

नोव्हेंबर २०२२मध्ये वजन-मापांच्या जागतिक परिषदेने ठरवलं की २०३५पर्यंत ही प्रथा आजच्या स्वरूपात थांबवायची आणि सूर्याशी पडणारं अंतर जास्त वाढू द्यायचं. मला हा निर्णय पटतो. सूर्य आणि घड्याळ यांच्यात एका मिनिटाचा फरक पडल्याने माणसाचं काही बिघडत नाही.

जीपीएसमध्ये आइनस्टाइनचा सापेक्षतावाद खरंच लागतो, की सांगण्यापुरता?

खरंच लागतो. जीपीएस म्हणजे मुळात वेळ प्रक्षेपित करणारी घड्याळं. संदेश निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतून अंतर निघतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणून घड्याळाची एवढीशी चूकही जमिनीवर मोजता येते.

उपग्रह वेगाने फिरतात, त्यामुळे त्यांचं घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. पण ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणापासून दूर आहेत, त्यामुळे ते ४५ मायक्रोसेकंद पुढेही जातं. हिशेब उरतो ३८ मायक्रोसेकंद पुढे. प्रकाशाच्या वेगाने गुणलं तर दिवसाला सुमारे ११ किलोमीटर. म्हणून उपग्रहांवरच्या घड्याळाची वारंवारता मुद्दाम किंचित कमी ठेवून ती वर पाठवली जातात.

जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८०पासून मोजली जाते आणि ती लीप सेकंद पाळत नाही. म्हणून आज ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. तिच्या जुन्या संदेशात आठवडे १० बिटांत मोजलेले आहेत, म्हणजे दर १,०२४ आठवड्यांनी शून्य. हे १९९९ आणि २०१९ साली झालं, पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ची. ते वर्ष बऱ्याच जणांना जागं ठेवणार आहे.

टाइमझोन २४ आहेत, मग प्रोग्रॅमर त्यांना इतके घाबरतात का?

कारण ते २४ नाहीत. अर्ध्या तासाचे आहेत, पाऊण तासाचेही आहेत: नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे, न्यूझीलंडची चॅटम बेटं १२ तास ४५ मिनिटं पुढे. लायबेरिया १९७२पर्यंत यूटीसीच्या ४४ मिनिटं ३० सेकंद मागे होतं. ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाउ बेट उन्हाळ्यात घड्याळ एका तासाऐवजी अर्धाच तास सरकवतं. जिथे घड्याळ सरकतं तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा असतो आणि एक २५ तासांचा. सामोआत ३० डिसेंबर २०११ हा दिवस उजाडलाच नाही, कारण देशाने तारीखरेषेची बाजू बदलली.

शिवाय नियम ऐनवेळी बदलतात. २०१८मध्ये मोरोक्कोने घड्याळ मागे घ्यायच्या दोन दिवस आधी ठरवलं की यंदा घ्यायचं नाही. मार्च २०२३मध्ये लेबनॉनच्या सरकारने घड्याळ पुढे करणं शेवटच्या क्षणी लांबणीवर टाकलं. बऱ्याच संस्थांनी ते मानलं नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालू होत्या. त्या दिवसांत फोनने कुठली वेळ दाखवायची? याचं तांत्रिक उत्तर नाही.

हे सगळे बदल आपल्या फोनला कळतात कसे?

टाइमझोनची एक सार्वजनिक यादी आहे, टीझेड डेटाबेस. १९८०च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली आणि पॉल एगर्ट बरीच वर्षं ती सांभाळत आहेत. कुठल्याही देशाने नियम बदलला की तो इथे नोंदवला जातो, आणि इथून बहुतेक सगळ्या फोन-सर्व्हरांत झिरपतो. झोनना ‘आशिया/कोलकाता’ अशी शहरांची नावं आहेत, कारण देशांच्या सीमा आणि नावं बदलतात, शहरं जास्त टिकतात.

यादीतल्या टिपा जरूर वाचा. जुन्या वर्तमानपत्रांचे आणि कायद्यांचे दाखले देत तिथे वेळेचा इतिहास लिहिलेला आहे. २०११मध्ये ज्योतिष-सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीने जुन्या नोंदींवर हक्क सांगत या दोघांवर दावा लावला आणि यादी काही काळ बंद पडली. लवकरच यादी आयएएनए या इंटरनेट-संस्थेच्या छत्राखाली आली आणि पुढे दावा मागे घेतला गेला. सगळं जग ज्यावर चालतं ते दोन-चार माणसांच्या चिकाटीवर उभं असतं, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

प्रोग्रॅम लिहिताना सगळीकडे यूटीसी साठवलं की सुटलो ना?

घडून गेलेल्या गोष्टींसाठी, हो. पैसे कधी जमा झाले, संदेश कधी आला, हे यूटीसीत ठेवा आणि दाखवताना वापरणाऱ्याच्या वेळेत बदला.

पुढे घडणाऱ्या गोष्टींसाठी मात्र हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो फार ठामपणे दिला जातो म्हणून इथे अडून बसतो. दोन वर्षांनी सकाळी ९ वाजता एका शहरात बैठक आहे. तुम्ही आजच्या नियमाने ती यूटीसीत बदलून ठेवलीत. मध्ये त्या देशाने नियम बदलला. लोक त्यांच्या घड्याळात नऊ वाजता जमतील आणि तुमचा प्रोग्रॅम त्यांना आठ किंवा दहाला बोलावेल. अशा वेळी स्थानिक वेळ जशी आहे तशी आणि झोनचं नाव, दोन्ही साठवा. यूटीसीतला क्षण गरज पडेल तेव्हा काढा. आणि नुसतं ‘+०५:४५’ साठवणं म्हणजे झोन साठवणं नव्हे. तो त्या क्षणाचा फरक झाला, नियम नाही.

वाढदिवस ही तिसरीच जात आहे. ती तारीख आहे, क्षण नाही. तिला मध्यरात्रीची वेळ चिकटवून यूटीसीत बदललं की काही लोकांचा जन्म एक दिवस आधी होतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती निस्तरायला आठवडा गेला.

एखादं काम किती वेळ चाललं ते मोजायला सुरुवातीची वेळ शेवटच्या वेळेतून वजा करतो. चालेल?

नको. मध्येच एनटीपीने घड्याळ सरकवलं तर उत्तर ऋण येऊ शकतं. प्रत्येक प्रणालीत यासाठी वेगळं, फक्त पुढेच जाणारं ‘मोनोटॉनिक’ घड्याळ असतं. ते किती वाजले हे सांगत नाही, किती वेळ गेला एवढंच सांगतं. तेच वापरा.

तारीख लिहायची सर्वांत चांगली पद्धत कुठली?

२०३८-०१-१९. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हा १९८८चा आयएसओ ८६०१ संकेत आहे. फाइलच्या नावात तारीख अशी लिहिली की नावांचा क्रम आपोआप काळाचा क्रम होतो. ०३-०४ म्हणजे मार्च की एप्रिल, हा वादही मिटतो.

एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख चालते. ते लीप वर्ष होतं का?

नव्हतं. शतकाच्या वर्षाला ४००ने भाग जायला हवा, १९००ला जात नाही. लोटस १-२-३ या त्या काळच्या लोकप्रिय प्रोग्रॅममध्ये ही चूक होती. तिथल्या फाइल जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून उचलली. आता ती दुरुस्त केली तर जगभरच्या पत्रकांतल्या तारखा एका दिवसाने सरकतील, म्हणून ती तशीच आहे.

लॉगिन करताना मागितला जाणारा, दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड नेट नसतानाही कसा चालतो?

तुमच्या फोनमध्ये आणि सर्व्हरमध्ये एकच गुप्त किल्ली असते. दोघंही १९७०पासूनच्या सेकंदांना ३०ने भागतात, येणारा पूर्णांक आणि किल्ली मिसळून सहा आकडे काढतात. वेळ दोघांकडे सारखी असली की कोडही सारखा येतो. कोड सतत नाकारला जात असेल तर फोनची वेळ स्वयंचलितवर टाकून पाहा.

स्वतः करून पाहण्यासारखं काही सांगाल?

लिनक्सवर ‘कॅल’ या कमांडला ९ आणि १७५२ हे आकडे द्या. सप्टेंबर १७५२चं पान उघडेल आणि २ तारखेनंतर थेट १४ दिसेल. ब्रिटनने त्या वर्षी ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारताना ११ दिवस गाळले होते, आणि युनिक्सने ती खाच आजतागायत जपली आहे.

२०३८ अनुभवायचं असेल तर आपल्या रोजच्या यंत्राची तारीख पुढे करू नका. एखादं आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक, उभं करा, त्यात जुनी ३२ बिट प्रणाली टाका आणि घड्याळ त्या सेकंदाच्या थोडं अलीकडे लावून पाहत बसा.

आणि सोहळ्याची हौस असेल तर तारीख टिपून ठेवा. ९ सप्टेंबर २००१ रोजी सेकंदांचा आकडा एक अब्ज झाला, तेव्हा कोपनहेगनमध्ये युनिक्सप्रेमींनी तो साजरा केला. १३ फेब्रुवारी २००९ रोजी तो १२३४५६७८९० झाला आणि मग अनेक शहरांत लोक पडद्यासमोर जमले. दोन अब्ज १८ मे २०३३ रोजी होतील, यूटीसीप्रमाणे पहाटे ३ वाजून ३३ मिनिटं २० सेकंदांनी.